अंगणातील हिरवळ : जमीन, पाणी व हवामान यांचा मेळ

शाळेचे प्रांगण असो, ग्रामीण रुग्णालयाचे आवार असो अथवा एखाद्या गृहनिर्माण संस्थेतील मोकळी जागा असो, तेथे हिरवळ असावी अशी इच्छा आज सर्वत्र दिसून येते. ही इच्छा मुळीच गैर नाही. हिरवळीमुळे धूळ बसते, पावसाच्या माऱ्याने माती वाहून जात नाही, मुलांना खेळण्यास मऊ भूमी मिळते आणि इमारतीभोवतीचा उष्मा काही अंशी कमी होतो. तथापि, अनेक ठिकाणी एकच अनुभव पदरी पडतो. मृगाच्या पावसावर लावलेली हिरवळ दिवाळीपर्यंत डोळ्यांचे पारणे फेडते. होळीनंतर ती पिवळी पडू लागते आणि अक्षय तृतीयेच्या सुमारास मोकळ्या मातीचे चट्टे उघडे पडतात. पुढल्या वर्षी पुन्हा खर्च, पुन्हा खोदाई आणि पुन्हा तेच.

याचे मूळ माळ्याच्या हलगर्जीपणात क्वचितच असते. आखीव, कातरलेल्या हिरवळीची कल्पना आपल्याकडे इंग्रजी अमदानीतील बंगले, छावण्या व जिमखाने यांच्या वाटेने आली. इंग्लंडात पाऊस वर्षभर थोडाथोडा पडतो आणि उन्हाळा सौम्य असतो. महाराष्ट्रात पावसाचा बहुतेक भाग जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत पडतो व उरलेले आठ महिने जमीन जवळजवळ कोरडी असते. कल्पना बाहेरची असली तरी ती येथे रुजवावयाची तर तिला येथील माती, येथील पाणी आणि येथील उन्हाळा यांचे माप लावणे अपरिहार्य आहे.

प्रथम पाण्याचा हिशेब

हिरवळ किती मोठी असावी, हा प्रश्न बहुधा मोकळ्या जागेकडे पाहून सोडविला जातो. वास्तविक तो मे महिन्यात हाताशी असणाऱ्या पाण्याकडे पाहून सोडविला पाहिजे. हिशेब सोपा आहे. एक चौरस मीटर जागेवर १ मिलिमीटर पाणी देणे म्हणजे १ लिटर पाणी देणे. दख्खनच्या पठारावर ऐन उन्हाळ्यात हिरवीगार राहणारी हिरवळ दररोज सुमारे ५ मिलिमीटर पाणी घेते, असे धरून चालण्यास हरकत नाही. म्हणजे १०० चौरस मीटर, अर्थात साधारण एका गुंठ्याएवढ्या हिरवळीस रोज ५०० लिटर पाणी लागेल. मार्च ते मे या ९२ दिवसांचे पाणी ४६,००० लिटर होते.

या आकड्याचा अर्थ दोन तुलनांवरून स्पष्ट होईल. २०१९ मध्ये सुरू झालेल्या जल जीवन मिशनमध्ये ग्रामीण भागासाठी दरमाणशी दररोज ५५ लिटर पाण्याचे प्रमाण ठरविण्यात आले. त्या मापाने एक गुंठा हिरवळ रोज नऊ माणसांच्या वाट्याचे पाणी पिते. दुसरी तुलना पावसाची. वर्षाला ६०० मिलिमीटर पाऊस पडणाऱ्या गावी १०० चौरस मीटरच्या छपरावर ६०,००० लिटर पाणी पडते. त्यातील पंचमांश वाया गेले असे धरले तर ४८,००० लिटर हाती येते. म्हणजे छपरावरचा संपूर्ण वर्षाचा पाऊस साठविता आला तरी तो तेवढ्याच आकाराच्या हिरवळीच्या केवळ एका उन्हाळ्यास पुरेल.

हा प्रश्न केवळ बागकामाचा नाही. एप्रिल २०१६ मध्ये लातूर शहरास मिरजेहून रेल्वेने पिण्याचे पाणी पोहोचवावे लागले. पहिल्या गाडीतून ५ लाख लिटर पाणी आले. वर सांगितलेल्या मापाने हे पाणी १०० चौरस मीटरच्या अकरा हिरवळींना एका उन्हाळ्यातही पुरले नसते. त्याच महिन्यात क्रिकेटच्या मैदानांसाठी लागणाऱ्या पाण्याचा प्रश्न मुंबई उच्च न्यायालयापुढे आला आणि ३० एप्रिलनंतरचे आयपीएल सामने राज्याबाहेर नेण्याचा आदेश न्यायालयाने दिला. हिरवळीचे पाणी कोठून येते, हा प्रश्न अशा रीतीने सार्वजनिक प्रश्न बनतो.

म्हणून हिरवळ आखण्यापूर्वी पाण्याचे साधन निश्चित करावे. पाच माणसांच्या कुटुंबात स्नानाचे सांडपाणी सहज १०० ते १५० लिटर निघते. ते वापरावयाचे ठरविल्यास २० ते ३० चौरस मीटरची हिरवळ उन्हाळाभर हिरवी ठेवता येते. हे पाणी साठवून न ठेवता त्याच दिवशी द्यावे, पानांवर फवारू नये, जमिनीवर सोडावे आणि मधूनमधून एखादी पाळी साध्या पाण्याची द्यावी. साबणातील क्षार जमिनीत साचतात. पावसाळ्यात ते धुऊन जातात. स्वयंपाकघरातील तेलकट पाणी मात्र वापरू नये.

हरळी : शेतातील वैरी, अंगणातील मित्र

हिरवळीसाठी योग्य गवताचा शोध दूर जाऊन घेण्याची गरज नाही. कुंदा, लव्हाळा आणि हरळी ही शेतकऱ्याला त्रस्त करणारी तीन चिवट तणे आहेत. त्यांपैकी हरळी, म्हणजेच गणेशपूजेत मान असलेली दूर्वा, ही महाराष्ट्राच्या बहुतेक भागांत हिरवळीसाठी सर्वांत भरवशाची ठरते. वनस्पतिशास्त्रात तिला सायनोडॉन डॅक्टिलॉन म्हणतात. शेतकरी जिच्या नावाने बोटे मोडतो तीच तिची चिवट वृत्ती अंगणात उपयोगी पडते. तिची खोडे जमिनीवरून सरपटत जातात व पेऱ्यापेऱ्यांवर मुळे धरतात. शिवाय काही खोडे जमिनीखाली वाढतात. वरचे पाते उन्हाने करपले, जनावराने खाल्ले किंवा पायांखाली तुडविले गेले तरी खालचे खोड जिवंत राहते आणि ओल मिळताच पुन्हा फुटते. क्षारयुक्त पाणीही ती इतर अनेक गवतांपेक्षा अधिक सोसते.

हरळीचे दोन दोष ध्यानात ठेवावेत. पहिला, तिला सावली सोसत नाही. दिवसातून किमान सहा तास ऊन न मिळणाऱ्या जागी ती विरळ होत जाते. दुसरा, ती आखलेली सीमा मानत नाही. हिरवळीलगत शेत, भाजीचे वाफे किंवा फुलझाडांचे ताटवे असतील तर सीमेवर विटांची अथवा दगडांची २० ते ३० सेंटीमीटर खोल कड बसवावी. अन्यथा एकाची शोभा दुसऱ्याची डोकेदुखी होईल.

बाजारात ‘मेक्सिकन’ किंवा ‘कोरियन’ या नावांनी विकले जाणारे बारीक पात्याचे गवत दाट गादीसारखे दिसते व त्याची कापणी कमी वेळा करावी लागते. परंतु ते सावकाश पसरते व निचरा उत्तम नसेल तर कुजते. लहान, शोभेच्या जागेसाठी ते ठीक. मुलांच्या पायांखालच्या जागेसाठी हरळीच बरी.

मातीची ओळख

महाबळेश्वरला वर्षाला ५,००० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर त्याच सातारा जिल्ह्याच्या पूर्वेकडील माण तालुक्यात तो ५०० मिलिमीटरच्या आसपास असतो. एकाच जिल्ह्यात एवढे अंतर असताना संपूर्ण राज्यासाठी एकच कृती सांगणे योग्य होणार नाही. मातीच्या बाबतीतही तसेच आहे.

पठारावर व विदर्भाच्या मोठ्या भागात काळ्या पाषाणापासून झालेली काळी माती आढळते. ही माती पाणी धरून ठेवते, हा तिचा गुण. ओली झाली की ती फुगते व चिकट होते, वाळली की आक्रसते आणि तिला भेगा पडतात, हा तिचा दोष. भेगांमुळे हिरवळीची मुळे तुटतात आणि सपाट केलेली जमीन उंचसखल होते. अशा जमिनीत मूठभर वाळू मिसळण्याची पद्धत सर्रास दिसते. तिचा उपयोग होत नाही. थोडी वाळू आणि चिकण माती मिळून उलट विटेसारखा घट्ट थर तयार होतो. काळ्या मातीला भुसभुशीतपणा येतो तो चांगल्या कुजलेल्या शेणखताने व पालापाचोळ्याच्या खताने. अनेक ठिकाणी काळी माती काढून टाकून डोंगरउतारावरची लाल माती आणून घालतात. यात एका जागेची शोभा वाढविताना दुसऱ्या जागेचा उतार उघडा पडतो. शक्य तेथे जागेवरचीच माती सुधारावी.

काळ्या मातीत पुष्कळदा चुनखडी असते. मूठभर कोरड्या मातीवर थोडे व्हिनेगर टाकल्यास फेस आला, तर चुनखडी आहे असे समजावे. अशा जमिनीत लोह असूनही ते मुळांना मिळत नाही आणि पाणी भरपूर देऊनही पाती पिवळी राहतात. यावर अधिक पाणी हा उपाय नव्हे. एक लिटर पाण्यात ५ ग्रॅम हिराकस विरघळवून सायंकाळी पानांवर फवारल्यास हिरवेपणा परत येतो. भिंती व फरशी यांवर या द्रावणाचे तांबूस डाग पडतात, म्हणून फवारणी जपून करावी.

कोकणातील जांभ्या दगडापासून झालेली माती याच्या नेमकी उलट आहे. ती आम्लधर्मी असते आणि पाणी चटकन खाली सोडते. तीन हजार मिलिमीटर पाऊस पडूनही तेथील हिरवळ फेब्रुवारीतच तहानेली होते. येथेही उपाय सेंद्रिय खताचाच. मात्र तो पाणी धरून ठेवण्यासाठी. मुरमाड जमिनीत किमान २० सेंटीमीटर चांगली माती असल्याखेरीज हिरवळ लावू नये.

निचरा पाहण्यासाठी लांबी, रुंदी व खोली प्रत्येकी ३० सेंटीमीटर असलेला खड्डा खणून पाण्याने भरावा. ते जिरल्यावर पुन्हा भरावा. दुसऱ्यांदा भरलेले पाणी दुसऱ्या दिवशीही तसेच उभे राहिले तर निचऱ्याची सोय केल्याशिवाय पुढे जाऊ नये. मातीचा नमुना जिल्ह्यातील मृद चाचणी प्रयोगशाळेत तपासून घेतल्यास खताचा अनाठायी खर्च वाचतो.

पूर्वमशागत

हिरवळीचे आयुष्य तिच्या लागवडीपूर्वीच ठरते. एप्रिल महिन्यात जमीन २५ ते ३० सेंटीमीटर खोल खणावी. नव्या इमारतीभोवतीच्या जागेत विटांचे तुकडे, चुना व सिमेंटचे गोळे, खडी असा राडारोडा पुरलेला असतो. तो वेचून काढावा. अन्यथा नेमक्या त्याच ठिकाणी पुढे वाळके चट्टे पडतात. लव्हाळ्याच्या गाठी व कुंद्याची मुळे हाताने वेचावीत. ढेकळे मे महिनाभर उन्हात तापू द्यावीत. दख्खनचे ऊन हे फुकट मिळणारे तणनाशक आहे.

त्यानंतर ढेकळे फोडून दर चौरस मीटरला सुमारे ५ किलो चांगले कुजलेले शेणखत मिसळावे. कच्चे शेणखत घातल्यास हुमणी व वाळवी यांचा उपद्रव होतो आणि तणांचे बी येते. दोरी व खुंट्या लावून जमीन सपाट करावी. मात्र इमारतीपासून दूर जाणारा हलका उतार, दर मीटरला सुमारे १ सेंटीमीटर, अवश्य ठेवावा. मग पाणी देऊन अथवा पहिला वळीव पडू देऊन जमीन बसू द्यावी. आठ-दहा दिवसांत तणे उगवतील. ती उपटून, खोलगट जागा भरून पुन्हा समपातळी करावी. ही एक पाळी उतावीळपणे टाळली तर वर्षभर खुरपे हातात धरावे लागते.

लागवडीची वेळ व पद्धती

पठारावर, मराठवाड्यात व विदर्भात मृगाचा किंवा आर्द्रेचा चांगला पाऊस होऊन जमीन ओली झाली की, म्हणजे साधारणपणे जूनअखेर ते जुलै या काळात, लागवड करावी. पुढील दोन-अडीच महिन्यांचा पाऊस रोपांना आपोआप मिळतो. कोकणात व घाटमाथ्यावर मात्र जुलैच्या मुसळधार पावसात नवी लागवड वाहून जाते. तेथे पावसाचा जोर ओसरल्यावर, ऑगस्टअखेरीस लागवड करणे श्रेयस्कर. उन्हाळ्यात लागवड करणे म्हणजे पाण्याची उधळपट्टी होय. उद्घाटनाची तारीख साधण्यासाठी ती करू नये.

लागवडीच्या चार पद्धती रूढ आहेत. सर्वांत स्वस्त व खात्रीची पद्धत ठोंबे लावण्याची. दोन-तीन काड्यांचा, मुळे असलेला ठोंब ८ ते १० सेंटीमीटर अंतरावर लावून भोवतालची माती घट्ट दाबावी. १०० चौरस मीटरला १० सेंटीमीटर अंतराने सुमारे १०,००० ठोंबे लागतात. श्रम अधिक असले तरी शाळेतील विद्यार्थ्यांच्या श्रमदानातून हे काम सहज होते. दोन महिन्यांत जमीन बहुतांशी झाकते.

दुसरी पद्धत लेपाची. हरळीची मुळासह खोडे ५ सेंटीमीटर लांबीची चिरून माती, ताजे शेण व पाणी यांच्या दाट काल्यात मिसळतात आणि ओल्या जमिनीवर सुमारे २ सेंटीमीटर जाडीने पसरतात. वर मातीचा पातळ थर देतात. बेणे थोडे असल्यास ही पद्धत उपयोगी पडते. तिसरी पद्धत तयार हिरवळीचे मुळासकट कापलेले चौकोनी तुकडे बसविण्याची. जागा त्याच दिवशी हिरवी दिसते, परंतु खर्च सर्वाधिक येतो. उतार किंवा बांध झाकण्यासाठी तीच योग्य. चौथी पद्धत बी पेरण्याची. हरळीचे बी अतिशय बारीक असते. १०० चौरस मीटरला सुमारे ३०० ग्रॅम पुरते. ते वाळूत मिसळून पेरावे. जोराच्या पावसात ते वाहून जाते, हा त्यातील धोका.

कोणतीही पद्धत निवडली तरी बेणे स्वच्छ असावे. शेताच्या बांधावरून उपटून आणलेल्या हरळीबरोबर लव्हाळ्याच्या गाठी हमखास येतात. चांगल्या राखलेल्या हिरवळीतून बारीक पात्याची हरळी घेऊन प्रथम लहान वाफ्यात वाढवावी व मग मोठ्या जागेत लावावी.

पहिल्या वर्षाची निगा

गवत ५ ते ६ सेंटीमीटर उंच झाले की पहिली कापणी करावी. एका वेळी उंचीच्या एकतृतीयांशाहून अधिक कापू नये. अगदी बुंध्यालगत कापलेली हिरवळ दिसावयास गालिच्यासारखी असली तरी तिची मुळेही तेवढीच उथळ राहतात. पावसाळ्यात व हिवाळ्यात ३ ते ४ सेंटीमीटर आणि उन्हाळ्यात ५ सेंटीमीटर उंची राखावी. पावसाळ्याच्या आरंभी व अखेरीस दर चौरस मीटरला १० ग्रॅम युरिया समप्रमाणात फेकून लगेच पाणी द्यावे. उन्हाळ्यात नत्रखत देऊ नये. त्याने कोवळी वाढ होते आणि तहान वाढते.

पाणी रोज थोडेथोडे शिंपडण्याची सवय हिरवळीस घातक ठरते. वरचा थरच ओला राहतो, मुळे वरच राहतात आणि एक दिवस पाणी चुकले तरी गवत माना टाकते. त्याऐवजी चार-पाच दिवसांनी एकदा २० ते २५ मिलिमीटर पाणी द्यावे. काळ्या जमिनीत हे अंतर थोडे वाढवावे. जांभ्या व मुरमाड जमिनीत कमी करावे. तुषार सिंचन असल्यास हिरवळीवर एक रिकामा सरळ कडांचा डबा ठेवावा. त्यात २ सेंटीमीटर पाणी जमले की नळ बंद करावा. पाणी पहाटे द्यावे.

उन्हाळ्यातील विश्रांती

डिसेंबर-जानेवारीतील थंडीत हरळीची वाढ मंदावते व रंग फिकट होतो. तो रोग नव्हे. त्याचप्रमाणे उन्हाळ्यात पाणी तुटले की ती वरून वाळते आणि जमिनीखालच्या खोडात जीव धरून राहते. निसर्गाने या गवताला दिलेली ही विश्रांती आहे. जिचे मूळ चांगले खोल गेले आहे अशा हिरवळीस या काळात तीन आठवड्यांतून एकदा १० मिलिमीटर पाणी दिले तरी ती तगते. मार्च ते मे या काळात अशा चार-पाच पाळ्या होतात, म्हणजे १०० चौरस मीटरला ४,००० ते ५,००० लिटर पाणी लागते. हिरवी ठेवण्यास ४६,००० लिटर, जिवंत ठेवण्यास त्याचा जेमतेम दहावा भाग, हा फरक दुष्काळी तालुक्यातील प्रत्येक संस्थेने ध्यानात घेण्यासारखा आहे.

नव्या हिरवळीस पहिल्या उन्हाळ्यात आठवड्यास एक पाळी द्यावी. विश्रांतीच्या काळात हिरवळीवर वर्दळ होऊ देऊ नये. गवत मेले की निजले, अशी शंका आल्यास एखाद्या ठिकाणी थोडे उकरून जमिनीखालची काडी मोडून पाहावी. आतून ती पांढरी व ओलसर असेल तर हिरवळ जिवंत आहे. ती उखडून नवी लावण्याचा खर्च करण्यापूर्वी मृगाच्या पावसाची वाट पाहावी.

जेथे हिरवळ नको

काही जागी हिरवळ न लावणे हेच शहाणपणाचे ठरते. ज्या गावास उन्हाळ्यात टँकरने पाणी पुरवावे लागते तेथे सार्वजनिक कार्यालयापुढे कारंजे उडवून राखलेली हिरवळ शोभत नाही. तेथे आवाराच्या मध्यभागी लहानशी हरळीची जागा ठेवून उरलेल्या भागात कडुनिंब, करंज, वड, पिंपळ यांसारखी सावली देणारी झाडे लावावीत. मोठे मोकळे मैदान असल्यास मारवेलसारखे स्थानिक गवत पावसावर वाढू द्यावे आणि पावसाळ्याअखेर कापून जनावरांच्या चाऱ्यासाठी द्यावे. दाट सावलीच्या जागी गवताचा हट्ट न धरता पालापाचोळ्याचे आच्छादन ठेवावे. झाडांच्या मुळांशी ओल टिकते व माती सुधारते.

हिरवळ ही जमिनीवर अंथरलेली सतरंजी नव्हे. ते हजारो रोपांचे पीक आहे आणि प्रत्येक पिकाप्रमाणे त्याचाही ऋतू असतो. पावसाळ्यात ती भरभरून वाढेल, हिवाळ्यात थोडी फिकी पडेल, उन्हाळ्यात वाळलेली दिसेल आणि मृगाचे चार शिंतोडे पडताच पुन्हा तरारून उठेल. मे महिन्याच्या पाण्याच्या मापाने आखलेली आणि मृगाच्या ओलीवर लावलेली एक गुंठा हरळी, दरवर्षी नव्याने लावाव्या लागणाऱ्या दहा गुंठे हिरवळीपेक्षा गावाच्या अधिक उपयोगी पडेल.